शेवटचा शब्द यायच्या आधी

जालना एमआयडीसीतल्या एखाद्या रोलिंग मिलच्या शेडमध्ये नवखा माणूस शिरला, की पहिली काही मिनिटं त्याला कुणाचंच बोलणं कळत नाही. भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीची एकसुरी घरघर, डोक्यावरून सरकणारी क्रेन, रोलमधून धावणाऱ्या लालबुंद लोखंडाचा खणखणाट आणि मधूनच तयार सळयांचा गठ्ठा जमिनीवर आदळल्याचा दणका. समोरच्याचे ओठ हलताना दिसतात, पण कानापर्यंत पोचतात ते शब्दांचे तुकडे. तिथंच दहा वर्षं काढलेला कामगार मात्र त्या तुकड्यांवरून अख्खं वाक्य जुळवतो, मान डोलावतो आणि कामाला लागतो. त्याचे कान जास्त तिखट असतात असं नाही. इतक्या वर्षांच्या गोंगाटाने ते थोडे मंदच झालेले असतात. पुढचा शब्द काय असणार, हे त्याला बऱ्याचदा आधीच ठाऊक असतं, एवढंच.

समजा, पाळीचा सुपरवायझर लांबून ओरडला, "मोटर बंद करू नको!" आणि नेमका त्याच क्षणी क्रेनने गठ्ठा सोडला. 'नको' त्या दणक्यात बुडालं. आता सगळा अर्थ उरला तो एका ऊकारावर. ऐकणाऱ्याने 'कर' ऐकलं, तर तो मोटर बंद करणार. 'करू' ऐकलं, तर त्याचा हात थांबणार, कारण 'करू'नंतर मराठीत बहुधा काहीतरी यायचं असतं: नको, नये, का, दे. मराठी आज्ञेतला नकार असा वाक्याच्या शेपटीला बांधलेला असतो. हिंदीत "बंद मत करो" म्हणताना 'मत' क्रियापदाच्या आधीच येऊन गेलेलं असतं. जालन्याच्या स्टील कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली माणसं आणि मराठवाड्यातली माणसं एकाच पाळीत शेजारी उभी असतात. एकाच्या भाषेत धोक्याची सूचना मध्यावर मिळते, दुसऱ्याच्या भाषेत शेवटाला. दोघांनाही जीव सांभाळायचा तर पुढचं वाक्य कानाच्या आधी डोक्यात तयार व्हावं लागतं.

आता याच शेडमध्ये ऑटिझम असलेला एक प्रौढ माणूस उभा आहे अशी कल्पना करू. त्याच्या डोक्यात तो पुढचा शब्द तयार होतो का? बरीच वर्षं अनेक तज्ज्ञांचं उत्तर 'फारसा नाही' असंच होतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या प्रयोगांनी ते उत्तर बरंच बदललं, आणि हे प्रकरण त्या बदलाबद्दल आहे.

आधी सर्वसाधारण ऐकणं कसं चालतं ते पाहू. शाळेत बाई विचारतात, "पृथ्वी सूर्याभोवती फि…?" आणि वर्ग एका सुरात ओरडतो, "…रते!" कीर्तनकार ओळखीच्या अभंगाचा शेवटचा शब्द सोडून देतात आणि तो समोरून येतो. "नाचता येईना" एवढं म्हटलं की अंगण वाकडं झालेलंच असतं. मराठी तर या बाबतीत फार उदार भाषा आहे. 'पिवळा' म्हटलं की मागून 'धमक' येतो, 'काळा'मागून 'कुळकुळीत', 'पांढरा'मागून 'शुभ्र'. 'धो धो' म्हटल्यावर पाऊसच पडतो. 'मिट्ट' म्हटल्यावर काळोखच होतो. 'कडाक्याची' म्हटलं की थंडी आणि 'कडाक्याचं' म्हटलं की भांडण; एक प्रत्यय बदलला आणि ऐकणाऱ्याच्या मनातलं चित्र पालटलं. हे सारं इतक्या सहज होतं की आपण काही ओळखतो आहोत याची जाणीवही राहत नाही.

ओळखल्याशिवाय गत्यंतरही नाही. संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग जातो. जगातल्या दहा भाषांची तुलना करून 2009 साली हे मोजलं गेलं. पण एखादा साधा शब्द मनात शोधून तोंडापर्यंत आणायला सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. हिशेब जुळतो तो एकाच मार्गाने: समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच ते कुठं संपणार हे ऐकणाऱ्याला कळलेलं असतं आणि त्याचं उत्तर शिजायला लागलेलं असतं.

कानही तितके प्रामाणिक नसतात जितके आपण समजतो. अमेरिकेतल्या रिचर्ड वॉरन यांनी 1970 मध्ये एका ध्वनिमुद्रित वाक्यातला एक उच्चार कापून तिथं खोकला चिकटवला. ऐकणाऱ्यांना विचारलं, कुठला आवाज गहाळ आहे? जवळपास कुणालाच सांगता आलं नाही. त्यांनी तो गहाळ उच्चार 'ऐकला' होता. वाक्याच्या ओघाने रिकामी जागा भरून काढली होती. याउलट 1964 च्या एका प्रयोगात लोकांच्या सहज गप्पांतून सुटे शब्द कापून ऐकवले, तेव्हा जेमतेम निम्मेच ओळखता आले. शब्द शेजाऱ्यांच्या आधाराने उभे असतात. शेजार काढला की कोसळतात. शेडमधला जुना कामगार दणक्यात बुडालेलं 'नको' ऐकतो ते याच शेजारामुळे.

हे सारं मोजायचं कसं? डोळ्यांनी. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठात गेरी ऑल्टमन आणि युकी कामिदे यांनी 1999 मध्ये एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एक मुलगा, एक केक आणि काही खेळणी. कानात वाक्य: मुलगा खाणार आहे… इंग्रजीत क्रियापद आधी येतं आणि वस्तू नंतर. 'खाणार' ऐकताक्षणी लोकांची नजर केककडे वळू लागली, 'केक' हा शब्द अजून उच्चारलाही गेला नव्हता. 'खाणार'ऐवजी 'हलवणार' म्हटलं तर नजर अशी घाई करत नाही, कारण हलवता काहीही येतं. मग कामिदे यांनी 2003 मध्ये जपानीकडे मोर्चा वळवला. जपानी मराठीसारखीच, क्रियापद शेवटी ठेवणारी, नामांना विभक्तीचे प्रत्यय लावणारी. तिथं हॉटेलातली वाढपीण आणि ग्राहक यांच्या प्रत्ययांवरूनच ऐकणाऱ्यांनी ओळखलं की कुणीतरी कुणाला तरी काहीतरी देणार आहे, आणि क्रियापदाची वाट न पाहता नजर थाळीतल्या पदार्थाकडे गेली. आपल्याकडे 'आईने बाळाला' एवढं कानी पडलं की दूध, घास, नाहीतर धपाटा, यांपैकी काहीतरी येणार हे कळतं, ते याच जातीचं ज्ञान.

दुसरं साधन मेंदूच्या विद्युतलहरींचं. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी 1980 साली दाखवलं की वाक्याच्या शेवटी विसंगत शब्द आला, गरम पावाला लोण्याऐवजी 'मोजे' लावले, की सुमारे 400 मिलिसेकंदांनी डोक्यावरच्या तारांमध्ये एक ठळक ऋण लाट उमटते. तिला एन-400 म्हणतात. शब्द जितका अपेक्षित, तितकी ही लाट लहान.

या विषयातला एक प्रयोग आपल्या फार जवळचा आहे. अलाहाबाद विद्यापीठात रमेश मिश्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हिंदी बोलणाऱ्या दोन गटांना बसवलं: एक भरपूर शिकलेला, दुसरा जेमतेम शाळा पाहिलेला. वाक्य साधं होतं, आता तुम्हाला एक उंच दरवाजा दिसेल, अशा धाटणीचं. शिकलेल्यांची नजर 'ऊंचा' ऐकूनच दरवाजाकडे गेली, कमी शिकलेल्यांची 'दरवाजा' हा शब्द ऐकल्यावर. बुद्धीचा प्रश्न नव्हता, हिंदी दोघांचीही मातृभाषा होती. फरक होता तो लिहिलेल्या भाषेच्या सरावाचा. वाचणारा माणूस हजारो वाक्यांमधून 'यानंतर हे' शिकत जातो. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून ती इथंच खुंटीला अडकवून ठेवू: पुढचा शब्द ओळखणं ही सवयीची कमाई आहे, आणि सवय कुणाला कुठं लागली यावर ती अवलंबून असते. प्रयोगशाळेतल्या दरवाजाला उशीर करणारा माणूस भट्टीजवळ अभियंत्याच्या आधी बाजूला होत असेल, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आता ऑटिझमकडे. मराठीत त्याला 'स्वमग्नता' म्हणतात, आणि या शब्दाने बरंच नुकसान केलं आहे असं म्हणायला जागा आहे. मूळ शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी, वेगळ्याच आजाराच्या संदर्भात, ग्रीकमधल्या 'स्व'वरून घडवला. 1943 मध्ये लिओ कॅनर यांनी अमेरिकेतल्या 11 मुलांचं वर्णन करताना तो उचलला. भाषांतरात 'स्व' राहिला आणि त्याला 'मग्न' जोडलं गेलं. शब्दातच निकाल लागला: हा माणूस स्वतःत बुडालेला आहे, म्हणजे तो तुमचं ऐकत नाही. आई-वडील, शिक्षक, पुढे सुपरवायझर, सगळे त्या शब्दाच्या चष्म्यातून पाहतात. तो नजर देत नाही, म्हणजे त्याचं लक्ष नाही. तो उशिरा उत्तर देतो, म्हणजे त्याला कळलं नाही. ऐकण्याच्या प्रयोगांनी नेमक्या या समजुतीला हात घातला, म्हणून ते महत्त्वाचे.

जुना समज निराधार नव्हता, हेही सांगायला हवं. ऊटा फ्रिथ आणि मॅगी स्नोलिंग यांनी 1983 मध्ये ऑटिस्टिक मुलांना एकसारखं लिहिलेले पण दोन प्रकारे उच्चारले जाणारे इंग्रजी शब्द वाक्यात वाचायला दिले. मराठीत त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'जरा'. 'जरा थांब' मधला ज दातांशी उच्चारला जातो, आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा'तला ज टाळूशी. डोळ्यांना दोन्ही एकच. उच्चार ठरतो तो आजूबाजूच्या शब्दांवरून. अशा ठिकाणी ही मुलं जास्त चुकत होती. फ्रिथ यांनी यातून मांडणी केली की ऑटिझममध्ये तपशील स्पष्ट दिसतो, पण तपशिलांना एकत्र गुंफणारा संदर्भाचा धागा सैल असतो.

पुढे या धाग्याला अंदाजाची परिभाषा मिळाली. लिझ पेलिकानो आणि डेव्हिड बर यांनी 2012 मध्ये सुचवलं की बहुतेक माणसं जग पाहताना पूर्वानुभवाची एक पातळ काच मध्ये धरतात. ऑटिस्टिक माणसाची ती काच अधिक पातळ असते, म्हणून जग त्याच्यावर जास्त थेट, जास्त कच्चं येऊन आदळतं. 2014 मध्ये एमआयटीतले पवन सिन्हा यांनी सहकाऱ्यांसह आणखी पुढचं पाऊल टाकलं. दिल्लीत जन्मांध मुलांना दृष्टी देणाऱ्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मुळे सिन्हा भारतात परिचित आहेत. त्यांचं म्हणणं असं, की ऑटिझमच्या अनेक लक्षणांच्या मुळाशी पुढं काय होणार हे ताडण्यातली अडचण असावी. पुढचा क्षण कळत नसेल तर प्रत्येक क्षण जादूगाराच्या टोपीतून निघाल्यासारखा येतो. मग ठरलेली वाट, ठरलेलं ताट, ठरलेली वेळ यांना माणूस घट्ट धरून ठेवतो, यात नवल काय?

मांडणी सुंदर होती. तिच्यातून भाषेबद्दल एक स्पष्ट भाकीत निघत होतं: ऑटिस्टिक माणूस वाक्य ऐकताना पुढचा शब्द ओळखण्यात मागे पडणार. हे तपासता येण्याजोगं होतं, आणि तपासलं गेलंही. निकाल मात्र वेगळा आला.

ऑक्सफर्डमध्ये जॉन ब्रॉक, कोर्टनी नॉर्बरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्येच किशोरवयीन मुलांवर डोळ्यांचा प्रयोग केला होता. 'गोंजारलं' हे क्रियापद ऐकल्यावर प्राण्याकडे नजर जाते का, आणि 'निवडलं' ऐकल्यावर काय होतं, असा तो प्रकार. ऑटिस्टिक मुलं संदर्भ वापरत होती. जिथं कमी पडत होती, तिथं कारण ऑटिझम नव्हतं. ज्यांची एकूण भाषा कच्ची होती ती मुलं मागे होती, मग त्यांना ऑटिझम असो वा नसो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये शाळेआधीच्या वयाच्या ऑटिस्टिक मुलांवर 2019 मध्ये झालेल्या अभ्यासातही हेच सूत्र हाती लागलं: जितकी भाषा समजते, तितका पुढचा शब्द ओळखता येतो.

प्रौढांवरचा सर्वांत बोलका प्रयोग इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठाचा, 2020 चा. महसा बार्झी, हेदर फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी क्रियापदापेक्षा अवघड गोष्ट निवडली: बोलणाऱ्याचा आवाज. "बाजारात गेलं की मी नेहमी माझी आवडती…" हे वाक्य लहान मुलाच्या आवाजात आलं, तर पुढे गोळ्या-चॉकलेटं येणार. तेच मोठ्या माणसाच्या आवाजात आलं, तर वाइनची बाटलीही येऊ शकते. हे ओळखायला शब्दार्थ पुरत नाही. समोर कोण बोलतंय, त्या माणसाच्या आयुष्यात काय बसतं, हे त्या क्षणी लक्षात घ्यावं लागतं. दुसऱ्याचं मन ओळखण्यात कमी पडतात असा शिक्का ज्यांच्यावर आहे, ते इथं नक्की अडखळणार असं कुणालाही वाटलं असतं. ऑटिस्टिक प्रौढांची नजर शब्द येण्याआधीच योग्य चित्रावर गेली होती, इतरांसारखीच. आणि लहान मुलाच्या तोंडी वाइन आली, तेव्हा त्यांच्याही मेंदूत विसंगतीची लाट उमटली.

स्वमग्न म्हणवली जाणारी माणसं बाहेरच्या आवाजाकडे इतकं बारीक लक्ष देत होती.

सगळेच निकाल इतके सरळ नाहीत. नेदरलँड्समध्ये 2010 साली झालेल्या एका अभ्यासात, ऑटिझमचं निदान असलेल्या प्रौढांच्या गटात विसंगत शब्दाला ती नेहमीची एन-400 लाट दिसली नाही. त्याऐवजी उशिरा उमटणारी दुसरीच लाट दिसली. जणू मेंदूने विसंगती पकडली, पण लांबच्या वाटेने जाऊन. शिवाय केंटसारख्या प्रयोगांत येणारी मंडळी अस्खलित बोलणारी, तास-दोन तास खुर्चीत बसू शकणारी असतात. जे कमी बोलतात किंवा बोलतच नाहीत, त्यांचा आवाज या आकड्यांत जवळजवळ नाही. पण एक गोष्ट आता ठामपणे म्हणता येते: पुढचा शब्द ओळखण्याची क्षमता ऑटिझममुळे नाहीशी होत नाही.

मग अडचण कुठं येते? शांत खोलीतून बाहेर पडलं की येते.

केंब्रिजमध्ये होजे अल्कांतारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये ऑटिस्टिक प्रौढांना आणि किशोरांना गोंगाटात वाक्यं ऐकवली. गोंगाट कधीच सपाट नसतो. त्याला चढ-उतार असतात, दोन दणक्यांमध्ये क्षणभराची फट असते, आणि सराईत कान त्या फटीतून शब्द चोरून घेतो. या फटींचा फायदा ऑटिस्टिक गटाला कमी घेता आला. वाक्य समजायला त्यांना आवाज थोडा जास्त मोठा लागला. साधा श्रवणमापक अशा माणसाचे कान उत्तम आहेत असंच सांगेल, आणि ते खरंही असेल.

दुसरा धागा बदलत्या जगाचा. लंडनमध्ये रिबेका लॉसन यांनी 2017 मध्ये दाखवलं की ऑटिस्टिक प्रौढ परिस्थितीची अस्थिरता वाजवीपेक्षा जास्त धरतात. नियम कधीही बदलेल असं गृहीत धरलं, की खरोखर अनपेक्षित काही घडलं तरी ते फारसं अनपेक्षित वाटत नाही, आणि ठरलेलं घडलं तरी त्यावर पूर्ण विसंबता येत नाही. जेरुसलेममधल्या गाल विश्ने आणि मेराव अहिसार यांनी 2021 मध्ये लोकांना ठेक्याबरोबर बोट टेकवायला सांगितलं. ठेका चुकला की बहुतेकांचं बोट पुढच्या एक-दोन टेक्यांत जुळून येतं. ऑटिस्टिक मंडळींचं बोट हळूहळू, थोडं थोडं सुधारत जुळत होतं. अंदाज बांधता येत होता, नव्या माहितीने तो दुरुस्त करायला मात्र वेळ लागत होता.

हे सगळं घेऊन पुन्हा शेडमध्ये या. कारखान्यांच्या नियमांनुसार आठ तासांच्या पाळीत कामगाराच्या कानावर सरासरी 90 डेसिबलपेक्षा जास्त आवाज पडता कामा नये. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराने वाढते, तेव्हा या दोन आकड्यांतलं अंतर दिसतं त्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. त्या आवाजात, मागून, नाव न घेता, चालता चालता कुणीतरी सांगतं, "अरे ते तेवढं जरा बघून घे." ऐकणाऱ्याने काय ताडायचं? 'ते' म्हणजे काय, 'तेवढं' म्हणजे किती, 'बघून घे' म्हणजे नुसतं पाहायचं की दुरुस्त करायचं? या वाक्यात पुढचा शब्द ओळखायला आधारच नाही. रोजच्या सहवासातला माणूस सुपरवायझरच्या सवयीवरून अर्थ भरतो. ज्याचा मेंदू सवयीवर कमी आणि समोरच्या पुराव्यावर जास्त विसंबतो, तो थांबतो. विचारतो. दुसऱ्यांदा विचारलं की त्याला 'एककल्ली' म्हणतात.

पुढचा शब्द ओळखणं ही सवयीची कमाई, असं अलाहाबादच्या प्रयोगावरून म्हटलं होतं, ते आता खुंटीवरून काढू. मराठवाड्यात "तो काम करायलाय" म्हणजे तो काम करतो आहे. पुण्याहून आलेला अभियंता 'करायला' एवढं ऐकतो आणि 'गेला' किंवा 'आला' यायची वाट पाहत राहतो. त्याच्या लेखी वाक्य अर्धवट, बोलणाऱ्याच्या लेखी पूर्ण. अभियंता चुकला म्हणून कुणी त्याला तपासायला पाठवत नाही. दोघांच्या सवयी वेगळ्या आहेत, इतकंच मानलं जातं. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी 2012 मध्ये हेच ऑटिझमबद्दल मांडलं: न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही, तसं इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं कळत नाही. एडिनबरा विद्यापीठाच्या कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी 2020 मध्ये कानगोष्टीच्या खेळासारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या नऊ साखळ्या, एकाने ऐकलेली गोष्ट पुढच्याला सांगायची. फक्त ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी इतरांच्या साखळीत. मिश्र साखळीत ती लवकर झिजली. पुढे झालेल्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीतली ही झीज तशी दिसली नाही, त्यामुळे या खेळावर फार मोठी इमारत बांधू नये. पण दोन्ही वेळा एक गोष्ट टिकली: ऑटिस्टिक माणसांनी एकमेकांचं बोलणं नीट ऐकलं आणि नीट पुढे पोचवलं.

जालन्यासारख्या शहरात एकमेकांचं न कळण्याचा हा प्रश्न ऑटिस्टिक प्रौढांसाठी जास्त जिकिरीचा आहे. ऑटिझम मोजण्याचं भारतीय मापन, आयएसएए, 2009 मध्ये तयार झालं. आज चाळिशीत असलेल्या माणसाचं सगळं बालपण त्याआधीचं. त्याला गावात 'घुमा', 'लहरी', 'शिष्ट', 'आपल्याच नादात असतो' अशी नावं मिळाली. निदान मिळालं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारांत ऑटिझमचा समावेश केला. वीस किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधीचं तपशीलवार धोरण जाहीर करावं, असं त्या कायद्याच्या नियमांत आहे. एमआयडीसीतले कितीतरी कारखाने या आकड्याच्या वर जातात. पण धोरण म्हटलं की डोळ्यांसमोर उतार आणि कठडे येतात. बोलण्याची पद्धत ही सुद्धा सोय असू शकते, हे अजून फारसं कुणाच्या मनात येत नाही.

आणि गंमत अशी, की ही सोय कारखान्यांनी केव्हाच शोधून काढलेली आहे. क्रेन चालवणाऱ्याला कुणी ओरडून सांगत नाही. खाली उभा असलेला एक ठरावीक माणूस ठरावीक हातवारे करतो: वर, खाली, थांब. एकाच माणसाचा इशारा मानायचा. 'थांब' मात्र कुणाचाही मानायचा. तिथं कानावर भार नाही, संदिग्ध 'तेवढं' नाही, इशाऱ्याचा अर्थ रोज तोच. गोंगाटात प्रत्येकाचाच अंदाज चुकतो हे मान्य करून ही पद्धत बसवली गेली. तोच विचार शब्दांना लावला, तर आधी नाव घेऊन हाक मारायची, नजर नाही तरी कान वळल्याची खूण मिळू द्यायची, 'ते' ऐवजी वस्तूचं नाव घ्यायचं, नकार शेवटाला न ठेवता "नको! मोटर चालू ठेव" असा पुढे आणायचा, आणि पाळीतला बदल फळ्यावर लिहायचा. याचा फायदा बिहारहून आलेल्या नव्या कामगारालाही होईल, आणि भट्टीशेजारी कान गमावून बसलेल्या जुन्यालाही.

एक प्रयोग मराठीत व्हायला हवा, आणि तो करायला मराठी फार सोयीची भाषा आहे. पडद्यावर तीन चित्रं: पेरू, मिरची, लिंबू. तिन्ही हिरवी. कानात आवाज येतो, "आता बघा, हिरवी…" तीन लिंगांपैकी दोन त्या एका ईकारावर बाद झाली. 'हिरवा' असतं तर पेरू, 'हिरवं' असतं तर लिंबू. फळाचं नाव यायच्या आत नजर कुठं गेली, हे यंत्र मिलिसेकंदांत सांगतं. उत्तर तोंडाने द्यावं लागत नाही, म्हणून जो बोलत नाही त्याचंही उत्तर मिळतं. पहिल्या फेरीत खोली शांत ठेवायची. दुसऱ्या फेरीत जालन्याच्या शेडमधला ध्वनिमुद्रित गोंगाट मागे लावायचा, त्याच्या सगळ्या चढ-उतारांसह. वाक्यं ठरवायला मराठी बोलणारी ऑटिस्टिक प्रौढ माणसं आणि पाळीवरचे कामगार एकत्र बसवायचे, कारण रोज काय ऐकू येतं आणि काय बुडतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. फळांची वाक्यं संपली की शेडमधली वाक्यं घ्यायची, आणि त्यात पहिलं "मोटर बंद करू नको", शेवटच्या शब्दावर गठ्ठा आदळल्याच्या आवाजासकट.